बोरखडी मुक्काम आणि आमचं बिऱ्हाड

आमच्या घरात किस्से कुणी ठरवून सांगत नाही. जेवताना एकजण नुसतं "त्या दिवशी ते..." एवढंच म्हणतो, दुसरा हसायला लागतो, तिसरा म्हणतो "थांब, आधीपासून सांग," आणि आमटी गार होते. एका किश्शातून दुसरा निघतो. जुना थोडा वाढतो, नवा त्याच्या शेजारी येऊन बसतो. गेली काही वर्षं आमच्याकडच्या सगळ्या गार आमट्यांना कारण एकच. 'बोरखडी मुक्काम'!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही जुनी मालिका, टीव्हीवर एकच चॅनल दिसायचं त्या काळातली. बोरखडी नावाच्या गावाला रात्री मुक्कामी जाणारी लाल गाडी, तिचा कंडक्टर दत्तू, फाट्यावरची चहावाली ठकूबाई आणि रोज चढणारी-उतरणारी माणसं. बास! गाव खोटं, पण शूटिंग आपल्या नगर जिल्ह्यातलं, तिसगावच्या बाजूचं. म्हणून मालिकेच्या चाहत्यांचं संमेलनही दरवर्षी नगरलाच भरतं. सावेडीतल्या एका मंगल कार्यालयात, लग्नाची तिथी नसलेला रविवार बघून. पुण्यामुंबईची माणसं येतात, बेळगावची येतात.

माझा नवरा संदीप या मालिकेपायी वेडा. शाळेत असताना दुपारी ती पुन्हा लागायची तेव्हा त्यानं पाहिली, मग मोबाईलवर सगळे भाग सापडले आणि माणूस हातचा गेला. बाकी आम्ही सगळे ओढून नेलेले. मी, आमची नववीतली सई, आणि गेल्या वर्षी माझे सासू-सासरेसुद्धा. सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामा म्हणायची आमच्याकडे पद्धत. दोघं तिसगावजवळच्या खेड्यातले. शेती आता वाट्यानं दिलीय आणि दोघं सावेडीत आमच्या फ्लॅटमध्ये राहतात. मामा बोलतात कमी. आत्याबाई बोलतात, पण मोजकं.

*

पहिल्या वर्षी संदीपनं दत्तू कंडक्टर व्हायचं ठरवलं. भिंगारला एक शिंपी आहे, फौजेतल्या लोकांचे गणवेश शिवतो. त्याच्याकडे खाकी शर्ट-पँट शिवायला टाकली. त्यानं दिली नेमकी संमेलनाच्या दिवशी सकाळी. पण काय शिवली होती! खिशाला झाकणं, खांद्याला पट्ट्या, इस्त्री अशी की पापड ठेवला तर कापला जाईल. संदीपनं तिथंच दुकानात अंगावर चढवली.

बाहेर आलो तर स्कूटर पंक्चर. स्कूटर तिथंच सोडली आणि पाथर्डीकडून येणाऱ्या गाडीला हात केला. गाडी भरलेली. संदीप चढला तशी दारातली माणसं आपोआप आत सरकली. एका आजीनं त्याच्या हातात नोट कोंबली. "स्टँडचं एक द्या." मागच्यानं विचारलं, "मास्तर, माझे सुट्टे राहिलेत." संदीपचे कान लाल!

तेवढ्यात गर्दीतून खरा कंडक्टर आला. संदीपला बघून त्यानं आधी शर्टाचं वरचं बटण लावलं. "साहेब, तपासणीला का?"

संदीपनं सगळं सांगितलं. मालिका, संमेलन, हौस. कंडक्टरनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे कपडे कधी उतरतील म्हणून वाट बघण्यात माझा जन्म गेला," तो म्हणाला. "अन् तुमी पदरचे पैशे देऊन शिवून घेतले व्हय?"

आणि शांतपणे आमची दोन तिकिटं फाडली.

*

दुसऱ्या वर्षी सई आमच्याबरोबर आली, म्हणजे आली नाही, आणली. कोपऱ्यातल्या खुर्चीत मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. "मी फक्त जेवणापर्यंत आहे," असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

संमेलनाचा सगळा कारभार प्रभाताई बघतात. भिंगारच्या, पोस्टातून रिटायर झालेल्या. प्रश्नमंजूषा त्याच घेतात, आणि त्यांचे प्रश्न म्हणजे जिवाशी खेळ. शेवटच्या फेरीत संदीप आणि बेळगावचे एक काका उरले. प्रभाताईंनी विचारलं, "दत्तू कंडक्टरच्या बायकोचं नाव काय?"

बेळगावचे काका कपाळ चोळायला लागले. संदीपनं डोळे मिटले. सगळं सभागृह कुजबुजतंय. कुणी म्हणतंय शांता, कुणी म्हणतंय यमुना.

कोपऱ्यातून मान वर न करता सई म्हणाली, "तिला नावच नाहीये. ती दिसतपण नाही. आतून फक्त 'अहो' असा आवाज येतो."

प्रभाताईंनी चष्मा काढला. "बरोबर!"

टाळ्यांचा पाऊस! संदीपला तर भरून आलं. धावत तिच्याजवळ गेला. "सई, अगं तू बघतेस? मला बोलली नाहीस कधी!"

"मी नाही बघत," सई म्हणाली. "तुम्ही बघता, तेव्हा मी जेवत असते."

बक्षीस म्हणून मिळालेली खेळण्यातली लाल गाडी मात्र तिच्या टेबलावर आहे. धूळसुद्धा पुसते तिची.

*

आता गेल्या वर्षीचं. त्या वर्षी आमचं अख्खं बिऱ्हाड होतं. मामा म्हणाले होते, "मी कशाला तिथं?" पण आत्याबाई म्हणाल्या, "चला, दुपारून आपल्याकडंच न्हेनारेत म्हनं गाडीतून." संमेलनाची सांगता त्या वेळी शूटिंगच्या खऱ्या जागी होणार होती ना!

आम्ही पोहोचलो तेव्हा मामांना उन्हाची तिरीप लागत नाही अशी खुर्ची शोधण्यात माझा वेळ गेला. परत आले तर प्रभाताई माईकवर ओरडत होत्या, "ठकूबाईच्या चहाची स्पर्धा! कोण येतंय?" समोर शेगड्या मांडलेल्या. मी म्हटलं, चहा तर आपल्याला येतो. घातलं नाव.

मन लावून केला हो! आलं किसून घातलं, वेलदोडा घातला, दूध चांगलं उकळू दिलं. शेजारची बाई तिच्या भांड्यात मीठ टाकत होती. मला वाटलं, बिचारीला डबा ओळखू आला नाही. मी तिला हळूच सांगितलंसुद्धा. ती माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिली.

परीक्षकांनी कप फिरवले. माझा घोट घेतल्यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं डोळे मिटले. मग जाहीर केलं, "पहिला नंबर, सौ. वैशाली! अस्सल! थेट ठकूबाईचा हात!"

मी हरखून स्टेजवर गेले. नारळ घेतला, शाल घेतली. खाली आले तर संदीप खुर्चीवर वाकडा होऊन हसत होता. बोलताच येईना त्याला. शेवटी सईनं सांगितलं. मालिकेत ठकूबाईचा चहा तोंडात धरवत नाही, फाट्यावर दुसरी टपरी नाही म्हणून लोक पितात. स्पर्धा सगळ्यात वाईट चहाची होती!

मी आत्याबाईंकडे पाहिलं. निदान त्या तरी काही बोलतील.

त्या शालीचा पोत बघत म्हणाल्या, "शाल चांगली दिलीय पन."

*

त्या दिवशीचे पाहुणे होते मालिकेतले कॉन्ट्रॅक्टर. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचं काम केलेले नट. रस्ता रुंद करायच्या नावाखाली ठकूबाईची टपरी पाडतो तो! पडद्यावर काय मिशा, काय डोळे! प्रत्यक्षात गोरटेले, बारीक आवाजाचे आजोबा. मिशाही नाही. पंगतीत योगायोगानं मामांच्या शेजारी बसले.

मामांनी एकदा बघितलं. संदीपच्या मोबाईलवर टपरी पाडतानाचा तेवढा भाग त्यांनी पाहिलेला होता. ताट उचललं, आणि दोन पाट सोडून पलीकडे जाऊन बसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जाऊन हळूच म्हटलं, "मामा, ते पाहुणे आहेत. बरं दिसत नाही."

"टपरी पाडताना त्यांला बरं दिसलं?" मामा. आवाज हळू करायची त्यांना सवय नाही. पंगतीनं ऐकलं.

"मामा, ते नाटक होतं."

"तिच्या चुलीवर पाय दिला त्यानं. जळती चूल हुती."

ते आजोबा उठले. हात धुतलेलेही नव्हते. मामांसमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हसण्यावारी नेतील. हसले नाहीत. उष्टा हात मागे धरून वाकले आणि म्हणाले, "चुकलंच माझं. चुलीवर पाय द्यायला नको होता. मला तेव्हाही बरं वाटलं नव्हतं. घरी जाऊन आईला सांगितलं तर ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

मामा बघत राहिले. मग सरकून जागा केली.

"बसा," म्हणाले. वाढप्याला हाक मारली. "ए, हिकडं जिलबी आन. ह्यांला दे."

*

जेवण झाल्यावर सगळ्यांना न्यायला गाडी आली. जुनी लाल गाडी, कुणीतरी खटपट करून मिळवलेली, पुढं पाटी 'बोरखडी मुक्काम'. माणसं पाटीला हात लावून चढत होती. गाणी, टाळ्या, दत्तूचे डायलॉग. ड्रायव्हर नवखा होता, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लग्नाचं वऱ्हाड समजून आला होता. मध्येच त्यानं मला विचारलं, "ताई, नवरी कुठंय?"

करंजीचा घाट चढताना गाडीनं एक लांब उसासा टाकला आणि बंद पडली.

ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला. आता शिव्या बसणार म्हणून हळूच मागे वळला. मागे काय? सगळी गाडी उभी राहून टाळ्या वाजवतेय! एक बाई डोळे पुसतेय! कारण मालिकेत गाडी दर दोन भागांत एकदा बंद पडायचीच, आणि तीही घाटातच. माणसं उड्या मारत उतरली. बॉनेटपाशी उभं राहून फोटो. एकानं तर ड्रायव्हरच्या गळ्यात हार घातला.

ड्रायव्हर बॉनेटखालून मान काढून संदीपला म्हणाला, "साहेब, खरं सांगा. तुमी मानसं कुठून आनलीत?"

*

शूटिंगचा फाटा आता ओळखू येत नाही. पेट्रोल पंप, मोबाईलचं दुकान, खतांचं दुकान, दोन हॉटेलं. पुण्याच्या एका मुलीला ठकूबाईची टपरी नेमकी कुठं होती ते बघायचं होतं. खतवाल्यानं दुकानाकडे बोट दाखवलं. "इथंच." मोबाईलवाला म्हणाला, "त्याला काय म्हाईत, हितं." हॉटेलवाल्यानं तर भिंतीवर पाटीच लावली होती, 'मूळ ठकूबाईचा चहा'.

मुलगी त्याला म्हणाली, "पण काका, टपरी तर सेटची होती. शूटिंग संपल्यावर काढून नेली ना?"

"आसंल," तो म्हणाला. "साखर कमी का जादा?"

*

संध्याकाळचा कार्यक्रम फाट्यालगतच्या शाळेत होता. वर्गातल्या मोठ्या स्क्रीनवर मालिकेचा एक भाग दाखवायचा आणि मग चर्चा. टेबलावर दत्तूचं काम केलेल्या नटाचा फोटो, हार घातलेला. जाऊन बरीच वर्षं झाली त्यांना. बाकांवर आम्ही, मागे दाटीवाटीनं गावातली माणसं. पहिल्या रांगेत मामा आणि आत्याबाई, दोघांच्या मध्ये आत्याबाईंची कापडी पिशवी.

प्रभाताईंनी मुद्दाम तोच भाग लावला होता, ज्याच्यावर चाहते वर्षानुवर्षं भांडतात. भांडण एवढ्याशा गोष्टीवरून. भर उन्हात फाट्यावर एक बाई उभी आहे. डोक्यावर पदर, हातात गाठोडं. ती हात करते. गाडी थांबते. बाई पायरीवर पाय ठेवते. दत्तू वाकून तिच्या कानात काहीतरी म्हणतो. ऐकू येत नाही. बाई क्षणभर तशीच, मग पाय मागे घेते. गाडी निघून जाते आणि धुळीत ती एकटी उरते. पुढे ती मालिकेत कुठंच येत नाही. तिचं नावही येत नाही. दत्तू काय म्हणाला, हे कुणाला माहीत नाही.

भाग तिथंच थांबवून प्रभाताईंनी माईक फिरवला. पुण्याची मुलगी म्हणाली, "त्यांचं आधी प्रेम असणार." बेळगावचे काका म्हणाले, "बहीण असणार हो ती. घरी परत जा म्हणाला असणार." संदीप म्हणाला, "गाडी भरलीय, मागून येणाऱ्या गाडीनं या, एवढंच. दत्तू साधा माणूस होता." त्यावरून वाद चालू झाला.

"माघारी घ्या जरा," आत्याबाई म्हणाल्या.

प्रभाताईंना कळलं नाही. "काय म्हणालात आजी?"

"ते चित्र. जरा माघारी घ्या."

एक सांगायला हवं. आत्याबाईंनी ही मालिका कधीच बघितलेली नव्हती. ती लागायची तेव्हा त्यांच्या घरात टीव्ही नव्हता आणि नंतर आला तेव्हा बसायला सवड नव्हती. संदीप मोबाईलवर बघायचा तेव्हाही त्या आपल्या खोलीत असायच्या.

चित्र मागे गेलं. ऊन, फाटा, बाई. गाडी येताना बाईनं मान वळवली आणि अगदी क्षणभर चेहरा दिसला. प्रभाताईंनी तिथं थांबवलं.

आत्याबाई पिशवी बाजूला सरकवून उठल्या. स्क्रीनजवळ गेल्या. बोट लावलं ते चेहऱ्याला नाही, गाठोड्याला.

"हे लुगडं माझ्या आईचं," म्हणाल्या. "आन् ही मी."

संदीपच्या हातातला माईक तसाच हातात.

"शूटिंग चाललंय हे मला कुठं म्हाईत? क्यामेरा पार तिकडं बाभळीत लपवलेला. मला वाटलं, खरीच गाडी. हात केला. थांबली. पाय ठिवला, तर हा मानूस वाकला." त्यांनी टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं. "लई हळू बोलला. म्हनला, ताई, ही गाडी खोटी हाय. ही कुठंच जात न्हाई. वळनावरून माघारी येती."

प्रभाताईंनी तोंडावर हात धरला होता. इतकी वर्षं भांडत होती ती सगळी माणसं बाकांवरून पुढं वाकलेली.

सई उठून आजीजवळ गेली. "आजी, तू कुठं निघाली होतीस?"

"माहेराला."

"एकटी?"

"एकटी. कायमची."

संदीपनं आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. मामा स्क्रीनवरच्या त्या थांबलेल्या बाईकडे बघत होते. पापणी न हलवता.

प्रभाताईंना बोलल्यावाचून राहवेना. "मग आजी, खरी गाडी आली का?"

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"न्हाई अजून," म्हणाल्या.

सगळा वर्ग हसला. टाळ्या वाजल्या, मागच्या गावकऱ्यांनी शिट्ट्या मारल्या, कॉन्ट्रॅक्टर आजोबा उठून उभे राहिले. आत्याबाई परत येऊन बसल्या. "लावा पुढं," म्हणाल्या.

मामा हसले नाहीत. त्यांनी मधली पिशवी उचलली, मांडीवर घेतली आणि वर दोन्ही हात ठेवले. कार्यक्रम संपला, चहा झाला, अंधार पडला, घाट उतरला, सावेडी आली. सईनं मागितली, मी मागितली, संदीपनं मागितली. त्यांनी ती पिशवी कुणाच्याही हातात दिली नाही.